फायरफॉक्सची ॲड-ऑन्स : कोणती ठेवली, कोणती काढली

उंबरठा

गेल्या रविवारी अण्णांच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स ब्राउझर नव्याने लावून दिला. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. सकाळचा चहा झाला की लॅपटॉपवर तीन वर्तमानपत्रं वाचायची हा त्यांचा नेम. गेले काही महिने मात्र दहा मिनिटांत लॅपटॉप मिटून उठायचे. "अक्षर दिसतं गं, पण वाचवत नाही," एवढंच म्हणायचे. मला वाटलं नंबर बदलला असेल, डॉक्टरांची वेळही घेतली होती. शेजारी बसून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. बातमीच्या चार ओळी, मग जाहिरात, परत तीन ओळी, मग आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, खालून वर सरकणारी पट्टी, 'सूचना पाठवू का' म्हणणारी चौकट. तिची फुली शोधेपर्यंत वाचत असलेली ओळ हरवलेली असायची.

दोन तास बसले. आता ते सलग तासभर वाचतात. काल संध्याकाळी फोन करून एका अग्रलेखातला अख्खा परिच्छेद मला वाचून दाखवला. म्हणून हा धागा काढतेय.

पहिलं काम ॲड-ऑनशिवायचं (म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामशिवायचं) आहे आणि ते फारसं कुणी करत नाही. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फॉण्टच्या भागात 'ॲडव्हान्स्ड' असं बटण आहे. ते दाबलं की वर लिपींची यादी येते. तिथे 'देवनागरी' निवडायचं. मग फक्त देवनागरीसाठी वेगळा फॉण्ट, वेगळा आकार आणि 'किमान आकार' ठरवता येतो. अण्णांना मी किमान २० ठेवला. एक अडचण येते: काही मराठी साइटींनी आपल्या पानाची भाषा आतमध्ये इंग्रजी अशी नोंदवलेली असते. तिथे देवनागरीचा आकडा लागू होत नाही. म्हणून त्याच यादीत 'लॅटिन' निवडून तिथेही किमान आकार घालून ठेवा. खाली 'पानांना त्यांचे स्वतःचे फॉण्ट वापरू द्या' अशी चौकोनी खूण असते. ती काढली की सगळीकडे आपलाच फॉण्ट येतो, पण काही साइटींची बटणांवरची चित्रं फॉण्टमधून येतात, तिथे नुसते चौकोन दिसायला लागतात. मी ती खूण ठेवली.

दुसरं, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. याबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नाही, ते हवंच.

तिसरं स्टायलस. याने कुठल्याही साइटचं रूप आपल्यापुरतं बदलता येतं: ओळींमधलं अंतर, रकान्याची रुंदी, नको असलेली बाजूची पट्टी. अण्णांच्या तिन्ही वर्तमानपत्रांसाठी मी तीन छोटे नियम लिहिले. मजकुराची रुंदी कमी केली आणि ओळीची उंची १.८ ठेवली. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेलं अंतर आपल्याला नेहमी दाटीचं होतं.

चौथं सिंगलफाइल. उघडलेलं पान चित्रांसकट एकाच फाइलमध्ये उतरवून ठेवतं. अण्णा आवडलेले लेख कात्रणांसारखे जमवतात, आणि वर्तमानपत्रांचे जुने दुवे कधी मरतील याचा नेम नसतो.

बस, चारच. तुमच्याकडे कोणती आहेत? नुसती यादी नको. ते ॲड-ऑन का ठेवलं, रोज नेमकं काय काम करतं, आणि काढली असतील तर का काढली, तेही लिहा.

कडूलिंब

धागा वाचून जुने दिवस आठवले. मी २००४ च्या नोव्हेंबरपासून, म्हणजे फायरफॉक्स १.० आला तेव्हापासून वापरतोय. त्याआधी काही काळ त्याचं नाव फिनिक्स होतं, मग फायरबर्ड. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजायचे दिवस होते आणि एका खिडकीत अनेक टॅब उघडता येतात हेच तेव्हा अप्रूप होतं.

आजच्या मंडळींना कल्पना येणार नाही, पण तेव्हाची ॲड-ऑन्स ब्राउझरच्या पोटात हात घालायची. टॅब मिक्स प्लसने टॅबचं काय वाटेल ते करता यायचं. डाउनदेमऑलने पानावरच्या शंभर फाइली एका दमात उतरायच्या. फायरबगने तर वेबसाइट बनवणाऱ्यांच्या एका पिढीला हाताला धरून शिकवलं. आणि मराठी वाचकांना आठवत असेल, तेव्हा एकेका वर्तमानपत्राचा स्वतःचा फॉण्ट असायचा. तो उतरवून घेतला नसेल तर पानावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. 'पद्म' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, ते भारतीय भाषांच्या असल्या जुन्या फॉण्टांतला मजकूर पानावरच युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात) बदलून दाखवायचं. पहिल्यांदा ते चाललं आणि भेळेची बातमी झाली, तेव्हा मी खुर्चीवरून उठून घरातल्यांना बोलावून आणलं होतं.

मग १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आला. जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन्स एका दिवसात बंद. माझी अकरा होती, त्यातली तीन उरली. कारण मला मान्य आहे: जुनं ॲड-ऑन ब्राउझरच्या कुठल्याही भागाला हात लावू शकायचं, त्यामुळे ब्राउझर वेगवान करणं आणि अनेक प्रोसेसमध्ये विभागणं अवघड झालं होतं. सुरक्षेचाही प्रश्न होता. पण स्क्रॅपबुक या पानं साठवणाऱ्या ॲड-ऑनमध्ये जमवलेली माझी दहा वर्षांची कात्रणं वाचायला मला पुढे बरीच खटपट करावी लागली. म्हणून उंबरठा, सिंगलफाइलला माझं अनुमोदन खास या कारणासाठी: त्याने ठेवलेली फाइल ही साधी एचटीएमएल फाइल असते. उद्या ते ॲड-ऑन नाहीसं झालं तरी कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडेल. आपली वस्तू आपल्याकडे राहते.

गच्चीवरची

छान माहिती. मला एक मूलभूत शंका आहे, विचारते. यूब्लॉक ओरिजिन टाकायला गेले तर 'सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा डेटा वापरण्याची परवानगी' असं काहीतरी आलं. घाबरून रद्द केलं. सगळ्या साइटींवरचा डेटा म्हणजे माझ्या बँकेचा पासवर्डसुद्धा? मग जाहिराती परवडल्या की.

उंबरठा

@गच्चीवरची, घाबरलात ते योग्यच केलंत. त्या ओळीचा अर्थ शब्दशः तोच आहे. ज्या ॲड-ऑनला ही परवानगी मिळते ते तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतं, बदलू शकतं, आणि त्या पानावर तुम्ही जे टाइप करता तेही पाहू शकतं. जाहिराती थांबवायच्या तर पानात काय येतंय हे बघावंच लागतं, त्यामुळे यूब्लॉक ओरिजिनला ती लागते. प्रश्न एवढाच की ती मागणारा कोण आहे.

दोन उदाहरणं. स्टायलसच्या आधी 'स्टायलिश' नावाचं ॲड-ऑन होतं, लाखो लोकांचं आवडतं. पुढे त्याची मालकी बदलली, आणि ते वापरणाऱ्यांचा सगळा ब्राउझिंगचा इतिहास गोळा करतंय हे उघडकीला आलं. २०१८ च्या जुलैमध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आणि गूगलने दोघांनीही ते आपापल्या दुकानातून काढलं. दुसरं क्रोमवरचं 'द ग्रेट सस्पेंडर'. मूळ लेखकाने २०२० मध्ये ते दुसऱ्याला दिलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून बंद केलं. दोन्ही वेळा वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्यांनी चांगलं ॲड-ऑन घेतलं होतं, मालक बदलल्याचं त्यांना कळलं नाही, आणि अपडेट आपोआप होत राहिले.

म्हणून मी तीन गोष्टी बघते. मोझिलाच्या साइटवर काही ॲड-ऑन्सना 'शिफारस' असा बिल्ला असतो. त्यांची तपासणी माणसं करतात, आणि दर अपडेटला करतात. यूब्लॉक ओरिजिनला तो आहे. दुसरं, मागितलेली परवानगी आणि काम यांचा मेळ बसतो का. पानाचा रंग बदलणाऱ्याने पान बघणं ठीक, पण कॅल्क्युलेटरला माझी सगळी पानं कशाला हवीत? तिसरं, वापरात नसलेलं ॲड-ऑन नुसतं बंद करून ठेवत नाही, काढूनच टाकते.

आणि हो, नाव पूर्ण वाचून घ्या. 'यूब्लॉक ओरिजिन' रेमंड हिल यांचं. नुसतं 'यूब्लॉक' हे वेगळं आहे, २०१५ मध्ये दोघांची वाट वेगळी झाली. हिल या कामासाठी देणगीसुद्धा घेत नाहीत.

खाडीकाठ

माझ्याकडे यूब्लॉक ओरिजिन जाहिरातींपेक्षा वेगळ्याच कारणासाठी आहे. आमच्या वाडीत नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, तोही पडवीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात फोन ठेवला तर. पावसाळ्यात दिवसेंदिवस रडतखडत चालतं. यूब्लॉकच्या सेटिंग्जमध्ये 'अमुक केबीपेक्षा मोठी मीडिया अडवा' अशी सोय आहे, आकडा मुळात ५० असतो. ती चालू केली की मोठी चित्रं उतरतच नाहीत, त्यांच्या जागी रिकामी चौकट दिसते. हवं असेल ते चित्र टिचकी मारून मागवायचं. हापूसच्या मोसमात मला रोज बाजारभावाची पाच-सहा पानं बघावी लागतात. त्या पानांत मला फक्त आकड्यांचं कोष्टक हवं असतं, आणि आता ते लगेच येतं. आधी वरचा भलामोठा फोटो उतरेपर्यंत हात बांधून बसावं लागायचं.

शहरातल्या मंडळींनी ही सोय कधी बघितलीही नसेल. गावाकडे कुणाला कॉम्प्युटर लावून देणार असाल तर आवर्जून चालू करून द्या.

जमाखर्च

मी सांगलीत एका कर सल्लागारांकडे काम करतो. माझं एकच ॲड-ऑन, पण त्याच्याशिवाय आता मला काम सुचणार नाही: मल्टी-अकाउंट कंटेनर्स. मोझिलाचंच आहे, २०१७ पासून.

आमच्याकडे काम असं असतं की एकाच साइटवर सात-आठ पक्षकारांची खाती उघडावी लागतात. साध्या ब्राउझरमध्ये एका खात्यात आत असताना त्याच साइटवर दुसरं उघडलं की पहिलं बाहेर पडतं. कारण ती साइट तुम्हाला कुकीवरून (तिने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेवरून) ओळखते आणि अख्ख्या ब्राउझरचा कुकींचा डबा एकच. पूर्वी आम्ही काय करायचो, एक फायरफॉक्समध्ये, एक क्रोममध्ये, एक खासगी विंडोत. तीन झाले की संपलं.

कंटेनरमध्ये प्रत्येक डब्याच्या कुकी वेगळ्या. मी प्रत्येक पक्षकाराचा एक डबा केलाय, त्याला नाव आणि रंग दिलाय. टॅबवर त्या रंगाची रेघ येते. किराणावाले हिरवे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे नारिंगी, डॉक्टर निळे. आठही जण एकाच वेळी एकाच साइटवर आत असतात आणि कुणी कुणाला बाहेर ढकलत नाही. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या आठवड्यात याची किंमत कळते.

माझ्या हातून एकदा एकाचा आकडा दुसऱ्याच्या अर्जात गेला होता, कंटेनर घ्यायच्या आधी. वेळेत लक्षात आलं, पण त्या रात्री झोप लागली नाही. आता आकडा भरण्याआधी डोळा आपोआप टॅबच्या रंगाकडे जातो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इतिहास आणि बुकमार्क सगळ्या डब्यांचे एकत्रच असतात. आणि यामुळे तुम्ही अदृश्य होत नाही, इंटरनेटवरचा तुमचा पत्ता तोच राहतो.

रात्रपाळी

@जमाखर्च, सुंदर उदाहरण! मी याच कामासाठी फायरफॉक्सचे चार वेगवेगळे प्रोफाइल (प्रत्येकाची सेटिंग्ज आणि कुकी वेगळ्या) बनवले होते. उद्याच बदलते.

माझी भर टॅबबद्दल. रात्रपाळीच्या सपोर्टच्या कामात माझे ६०-७० टॅब सहज होतात. वरच्या पट्टीत तेवढे झाले की नावं दिसत नाहीत, नुसती चिन्हं. त्यासाठी ट्री स्टाइल टॅब. हे जपानमधल्या पिरो या टोपणनावाने काम करणाऱ्या विकसकाचं आहे आणि फायरफॉक्स ५७ च्या उलथापालथीतूनही वाचलं. टॅब डावीकडे उभ्या यादीत येतात आणि एका टॅबमधून उघडलेला टॅब त्याच्या पोटात सरकून बसतो. एक तक्रार आली की तिच्यासंबंधीची सगळी पानं एका फांदीवर. तक्रार मिटली की अख्खी फांदी एका टिचकीत बंद.

फायरफॉक्समध्ये १३६ पासून, म्हणजे मार्च २०२५ पासून उभे टॅब मुळातच आलेत आणि पाठोपाठ १३८ मध्ये टॅबचे गटही. ज्यांना फक्त उभी यादी हवीय त्यांनी आता यासाठी ॲड-ऑन घेऊ नये. मला फांद्या हव्यात म्हणून मी ठेवलंय.

ट्री स्टाइल टॅब घेतलं की वरची आडवी पट्टी तशीच राहते, सगळं दोनदा दिसतं. ती घालवायला 'यूजरक्रोम' नावाची सीएसएस (रूप ठरवणाऱ्या नियमांची) फाइल लिहावी लागते. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये 'क्रोम' नावाचं फोल्डर करून त्यात ती ठेवायची. नावावरून गोंधळू नका, गूगलच्या क्रोमशी संबंध नाही, ब्राउझरच्या चौकटीला पूर्वीपासून क्रोम म्हणतात. फायरफॉक्स ६९ पासून ही फाइल आपोआप वाचली जात नाही, अबाउट-कॉन्फिग या आतल्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन त्यासाठीचं 'लेगसी यूजर प्रोफाइल कस्टमायझेशन्स'चं कलम 'ट्रू' करावं लागतं. मी यात एक अख्खा शनिवार घालवला होता, फाइल बरोबर होती आणि हे कलमच बंद होतं.

पेठेतला

एमपीएससीचा अभ्यास करतोय, पुण्यात अभ्यासिकेत बसतो. माझं ॲड-ऑन लीचब्लॉक एनजी.

व्हिडिओ साइट पूर्ण बंद करता येत नाही, कारण अर्धे वर्ग तिथेच आहेत. अडचण वर्ग संपल्यावरची आहे. बाजूच्या यादीतला पुढचा व्हिडिओ, मग त्याच्या पुढचा. वर बघितलं तर जेवायची वेळ टळून मेस बंद. लीचब्लॉकमध्ये मी सकाळी ७ ते रात्री ९ दर तासाला १५ मिनिटं असं ठरवलंय बातम्या आणि समाजमाध्यमांसाठी. व्हिडिओ साइटसाठी पूर्ण बंदी न लावता थांबायला लावणारं पान लावलंय. साइट उघडायला गेलं की आधी एक रिकामं पान येतं आणि ६० सेकंद उलटी मोजणी होते. त्या ६० सेकंदांत मला आठवतं मी कशासाठी आलो होतो. बहुतेक वेळा टॅब बंद करतो.

सेटिंग बदलून पळवाट काढू नये म्हणून आणखी एक सोय आहे: सेटिंग्ज उघडायला मोठा विस्कळीत कोड हाताने टाइप करावा लागतो. मी तो लावलाय. गेल्या चार महिन्यांत दोनदाच टाइप केला.

उंबरठाताईंच्या यूब्लॉकनेसुद्धा हेच काम थोडं करता येतं. त्यात आयड्रॉपरचं चिन्ह आहे, ते घेऊन बाजूची 'पुढे पाहा' यादी निवडायची आणि कायमची लपवायची. वर्गाचा व्हिडिओ तेवढा उरतो.

गच्चीवरची

मी परत आले. उंबरठाताईंचा प्रतिसाद वाचून धीर केला आणि यूब्लॉक ओरिजिन टाकलं, बिल्ला बघून. पण आज नवऱ्याला एका बँकेच्या साइटवर जायचं होतं तर आत गेल्यावर पान कोरंच राहिलं. यामुळेच का? आता काढून टाकू का?

रात्रपाळी

@गच्चीवरची, काढू नका. आधी खात्री करा की कारण ॲड-ऑनच आहे. मदतीच्या मेनूत 'ट्रबलशूट मोड' आहे. त्याने फायरफॉक्स सगळी ॲड-ऑन्स तात्पुरती बाजूला ठेवून नव्याने सुरू होतो. त्यातही पान कोरंच राहिलं तर दोष बँकेच्या साइटचा किंवा नेटचा. पान नीट आलं तर मग ॲड-ऑन. नेहमीसारखा फायरफॉक्स सुरू करा, बँकेचं पान उघडा, यूब्लॉकच्या चिन्हावर टिचकी मारा आणि मधलं मोठं पॉवरचं बटण बंद करून पान परत लोड करा. ते फक्त त्या साइटपुरतं बंद होतं आणि पुढच्या वेळीही लक्षात राहतं.

खरं तर बँकेच्या साइटवर ते बंदच ठेवलेलं बरं. तिथे पैशाचं काम आहे, अर्ध्यात अडकायला नको.

गच्चीवरची

झालं! पॉवरचं बटणच होतं. धन्यवाद रात्रपाळी, नवरा म्हणाला हे आधी का नाही सांगितलंस.

कडूलिंब

आणखी एक प्रसंग इथे नोंदवून ठेवतो, कारण तसा परत आला तर लोक घाईत चुकीचं काहीतरी करतात. ४ मे २०१९, शनिवार. सकाळी कॉम्प्युटर उघडला आणि सगळीच्या सगळी ॲड-ऑन्स बंद, 'पडताळणी होऊ शकली नाही' असा शेरा. मला वाटलं व्हायरस आला. कळलं ते असं की ॲड-ऑन्सवर मोझिलाची डिजिटल सही लागते, आणि त्या सहीच्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची मुदत त्या रात्री संपली होती. जगभरातल्या फायरफॉक्समध्ये एकदमच झालं. दुसऱ्या दिवशी ६६.०.४ आला आणि सगळं जागेवर.

त्या एका दिवसात कित्येकांनी ॲड-ऑन्स काढून परत टाकायचा प्रयत्न केला, आणि काढल्याबरोबर त्यांच्यातली साठवलेली माहिती गेली. जमाखर्च यांच्यासारख्या डबे करून बसलेल्यांचं काय झालं असेल! म्हणून ॲड-ऑन अचानक बंद पडलं तर काढू नका, आधी थांबा. आणि जिथे 'एक्स्पोर्ट' आहे तिथे महिन्यातून एकदा करा. यूब्लॉकमध्ये आहे, स्टायलसमध्ये आहे, लीचब्लॉकमध्येही आहे.

खाडीकाठ

एक विचारायचं होतं. मुलगी क्रोम वापरते, तिला यूब्लॉक ओरिजिन सापडत नाही म्हणते.

रात्रपाळी

बरोबर आहे, आता तिथे ते चालत नाही. गूगलने ॲड-ऑन्सचे नियम बदलले, त्याला मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात. पूर्वी ॲड-ऑन प्रत्येक मागणी जाण्याआधी अडवून स्वतः ठरवू शकायचं, हिला जाऊ द्यायचं की नाही. नव्या पद्धतीत नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची आणि निर्णय ब्राउझर घेतो. यूब्लॉक ओरिजिनचं बरंच काम पहिल्या पद्धतीवर उभं आहे. जून २०२४ पासून जुनी ॲड-ऑन्स हळूहळू बंद करायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ती पूर्ण गेली. क्रोमसाठी हिल यांनीच 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' केलंय. रोजच्या जाहिराती त्याने थांबतात, पण बारीक हुकूमत राहत नाही. फायरफॉक्सने नवे नियम घेतले तरी अडवून ठरवायची जुनी सोयही ठेवली आहे. मी फायरफॉक्सवर टिकून आहे त्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

जमाखर्च

उंबरठाताई, तुम्ही मुद्रितशोधन करता असं आधी कुठल्या धाग्यात वाचलं होतं. मराठी शुद्धलेखन तपासणारं काही आहे का? पक्षकारांना पत्रं मी ब्राउझरमध्येच लिहितो.

उंबरठा

आहे. मोझिलाच्या ॲड-ऑन्सच्या साइटवर 'शब्दकोश आणि भाषा पॅक' असा वेगळा विभाग आहे, त्यात मराठी बघा. फायरफॉक्स १०० पासून एकापेक्षा जास्त शब्दकोश एकाच वेळी चालू ठेवता येतात, म्हणजे मराठी पत्रात इंग्रजी शब्द आला तरी चालतं. लिहायच्या चौकटीत उजवी टिचकी मारून दोन्ही भाषांवर खूण करायची.

त्याच्याकडून किती अपेक्षा करायची ते मात्र सांगते. मराठीत एका शब्दाला प्रत्यय लागून लागून किती रूपं होतात! 'घर' ओळखेल, 'घरासमोरच्यांनासुद्धा' खाली लाल रेघ येईल, शब्द अगदी बरोबर असूनही. त्यामुळे लाल रेघ म्हणजे चूक असं धरू नका. मला त्याचा उपयोग ऱ्हस्व-दीर्घासाठी होतो, थकल्या डोळ्यांना 'परिक्षा' पटकन दिसत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर मनातली गोष्ट लिहिते. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. शासनाने ठरवलेल्या वर्णमालेतही तेच आहेत. पण पडद्यावर बहुतेक ठिकाणी हिंदी वळणाचे दिसतात. दिवसभर ते बघून माझ्या पुतणीने शाळेच्या वहीत तसाच ल काढायला सुरुवात केली तेव्हा मला फार वाईट वाटलं. खरं म्हणजे नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉण्टात दोन्ही वळणं भरलेली असतात. पानाने 'मी मराठी' असं सांगितलं तर मराठी वळण येतं. साइटने भाषा इंग्रजी किंवा हिंदी नोंदवली असेल तर येत नाही. इथे स्टायलस कामाला येतं. सगळ्या साइटींसाठी एक नियम करायचा: 'फॉण्ट-लँग्वेज-ओव्हरराइड' या गुणधर्माला अवतरणचिन्हात एम-ए-आर ही तीन मोठी इंग्रजी अक्षरं द्यायची. ती मराठीची खूण. फायरफॉक्सला हा गुणधर्म ३४ व्या आवृत्तीपासून कळतो. एका ओळीचं काम आहे. ज्या फॉण्टात मराठी वळण नाहीच त्यात अर्थातच काही फरक पडणार नाही, म्हणून धाग्याच्या सुरुवातीला सांगितलेल्या जागी देवनागरीसाठी नोटो निवडून ठेवा.

चाललं की नाही ते बघायला 'शाळेला' हा शब्द बघा. त्यात श आणि ल दोन्ही आहेत.

कडूलिंब

उंबरठा, बावीस वर्षं फायरफॉक्स वापरून हे मला ठाऊक नव्हतं. आत्ता केलं. 'शाळेला' बघितलं, मग 'लिहिलेलं', मग 'शिल्लक'. फळ्यावरचं अक्षर दिसावं तसं वाटलं.

गच्चीवरची

मीपण केलं! आधी 'शाळेला' काही बदललं नाही, मग लक्षात आलं देवनागरीचा फॉण्ट निवडायचा राहिला होता. तो निवडल्यावर आलं.

आणि ॲड-ऑन्सची यादी उघडून बघितली, कंट्रोल-शिफ्ट-ए ने उघडते हे आजच कळलं. माझ्याकडे १४ निघाली. त्यातली नऊ कधी टाकली तेही आठवत नाही. एक हवामान दाखवणारं होतं, त्याला सगळ्या साइटींची परवानगी होती आणि माझं शोधायचं पान त्यानेच बदललं होतं. ते पहिलं काढलं. आता चार उरलीत.

पेठेतला

फोनवर यातलं काय चालतं? अभ्यासिकेत लॅपटॉप रोज नेत नाही.

रात्रपाळी

ॲण्ड्रॉइड असेल तर चांगलं चालतं. २०२० मध्ये फोनचा फायरफॉक्स नव्याने लिहिला तेव्हा मोजून नऊ ॲड-ऑन्स उरली होती, पण डिसेंबर २०२३ मध्ये परत शेकडो खुली झाली. यूब्लॉक ओरिजिन आणि डार्क रीडर (पानं गडद करून दाखवणारं) मी रोज वापरते. आयफोनवर मात्र फायरफॉक्सला ॲड-ऑन्स नाहीत. फोनवर दोन-तीनच ठेव, बॅटरी आणि मेमरी दोन्ही कमी असतात.

उंबरठा

फोनचं बरं काढलंत. अण्णा आज सकाळी हेच म्हणत होते, "बागेत बाकावर बसून वाचता आलं असतं." उद्या त्यांच्या फोनवर फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन चढवते. अक्षराचा आकार त्यांच्या डोळ्यांना कितपत जुळतो ते बघून इथेच लिहीन.